पाच नाही, एक

कानाच्या डॉक्टर बाईंनी आलेख माझ्यासमोर सरकवला आणि त्याच्याखाली पेनाने लिहिलं, "नस खराब झाली आहे. दोन्ही कानांची. हे परत येणार नाही."

लिहिताना त्या बोलतही होत्या. ओठ हलताना दिसत होते. माझा नवरा महेश शेजारी बसला होता, त्याने ते ऐकलं आणि मान खाली घातली. मी वाचलं. एकाच वाक्याने आम्हा दोघांना एकाच क्षणी गाठलं, पण वाटा वेगळ्या होत्या.

त्याआधी अर्धा तास मी एका बंद खोलीत हेडफोन लावून बसले होते. आवाज आला की बटण दाबायचं. या तपासणीला प्युअर टोन ऑडिओमेट्री म्हणतात, म्हणजे बारीक ते जाड असे वेगवेगळे सूर किती मोठे केल्यावर तुम्हाला ऐकू येतात ते मोजणं. मी बराच वेळ बटण दाबलं नव्हतं. मला वाटलं, तपासणी अजून सुरूच झाली नाही.

बाईंनी पुढे लिहिलं, "गेल्या महिन्यात कोणती इंजेक्शनं घेतली?" महेशने पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढलं. त्यांनी ते वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. अमिकासिन.

हे अँटिबायोटिक आहे. औषध वाईट नाही, याने माणसं वाचतात. पण ते रक्तात जास्त साठलं तर कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. याला ऑटोटॉक्सिसिटी म्हणतात. कानाला झालेली विषबाधा, असं साध्या मराठीत म्हणता येईल.

मला हा शब्द कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझं पोट त्याच शब्दांवर चालतं.

मी वैशाली. वय एकोणचाळीस. माहेर बुरोंडीचं, बाबांची होडी, आई मासळी विकते. मी बीएस्सी झाले, लग्न होऊन रत्नागिरीला आले आणि अकरा वर्षं घरी बसून मेडिकल कोडिंग करते. परदेशातल्या पेशंटांच्या फायली माझ्या स्क्रीनवर येतात. डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक कारणाला ठरलेला कोड द्यायचा. औषधाने आलेल्या बहिरेपणाला वेगळा कोड आहे, वयाने येणाऱ्याला वेगळा, आणि कारण माहीत नसलेल्याला वेगळा. मी ते तिन्ही झोपेतही सांगू शकते.

या कामाचा एक नियम आहे. कोडर अंदाज करत नाही. डॉक्टरने लिहिलं असेल तेच खरं. फाईलमध्ये नाही, तर ते घडलंच नाही.

बाईंच्या रिपोर्टवर निदान होतं: दोन्ही कानांचा नसेचा बहिरेपणा, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह घालून, औषधाने? त्या प्रश्नचिन्हाकडे मी घरी येऊन खूप वेळ बघत बसले. ओपीडीच्या कागदावर डॉक्टरांनी असा संशय लिहिला, तर मी तो कोड करत नाही. सोडून देते. अकरा वर्षांत किती जणांचं असं सोडलं असेन कोण जाणे.

आता आधीचं सांगते.

मला थंडी वाजून ताप आला, कंबरेत कळा येत होत्या. शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. पायलोनेफ्रायटिस निघाला, म्हणजे मूत्रपिंडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते बघण्याच्या तपासणीत, जवळजवळ सगळी औषधं निकामी निघाली. अमिकासिन चालत होतं. फिजिशियनांनी तेच चालू ठेवलं. इथपर्यंत त्यांचं काही चुकलं नाही, हे मला लिहावं लागतंय.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी कानात आवाज सुरू झाला, शिट्टी न होणाऱ्या कुकरसारखा, नुसती वाफ. मी ड्यूटीवरच्या सिस्टरना सांगितलं. त्यांचं नाव प्राची. माझ्याच वयाच्या, चिपळूणच्या. त्या म्हणाल्या, "ताई, मी डॉक्टरांना कळवते." फिजिशियन राउंडला आले तेव्हा मी त्यांनाही सांगितलं. ते हसून म्हणाले, "अशक्तपणा आहे. घरी जाऊन भाताची पेज खा, सगळे आवाज बंद होतील."

नवव्या दिवशी सकाळी घरी सोडलं. सगळे आवाज बंद व्हायला अजून दहा दिवस लागले.

आधी पक्षी गेले. मग दाराची बेल. मग महेश दुसऱ्या खोलीतून बोलला की नुसती घरघर यायची. मग समोर बसून बोलला तरी तसंच. तपासणीचं कळल्यावर आई बुरोंडीहून एसटीने आली. तिचा आवाज बाजारात चार ओट्यांपलीकडे जातो. ती माझ्या तोंडासमोर येऊन ओरडत होती आणि मला तिचे हलणारे ओठ दिसत होते. नंतर महेशने मला लिहून दिलं ती काय म्हणत होती ते: "काय गो, माझा आवाज पण नाय येत तुला?"

त्या दिवशी मी ठरवलं की ज्याने हे केलं त्याला मी सोडणार नाही. मोठ्या मनाच्या बायका असतील, मी नाही. मला त्या माणसाचं वाईट व्हायला हवं होतं. त्याच्याही घरात अशीच शांतता पसरावी, असं मी रोज अंघोळ करताना मनात म्हणत असे. हे लिहायला मला लाज वाटत नाही. आजारपणावर लिहिणारी माणसं ही पानं गाळतात, आणि मग आपल्यासारख्याला वाटतं की असा राग फक्त आपल्यालाच येतो.

कानाच्या तपासणीनंतर चार दिवसांनी आम्ही त्या फिजिशियनांकडे गेलो. मी वही नेली होती. मला ऐकू येत नसल्याने त्यांना उत्तरं लिहावी लागली, आणि लिहायचा त्यांना कंटाळा होता. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, "खूप कारणं असतात." मी तोंडाने विचारलं, "इंजेक्शनमुळे का?" त्यांनी लिहिलं, "डोस बरोबर होता." मी विचारलं, "मग कशामुळे?" त्यांनी महेशकडे बघून काही विचारलं आणि मग लिहिलं, "तुम्ही कॉम्प्युटरवर काम करता. हेडफोन?"

माझ्या कामात हेडफोन लागत नाही. मी वाचते. तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

बाहेर येऊन छापलेला कागद बघितला. निदान: बहिरेपणा, कारण अनिश्चित. खाली ओळ: दीर्घकाळ हेडफोन वापराचा इतिहास. आणि निदानापुढे त्यांच्या सॉफ्टवेअरने आपोआप छापलेला कोड, एच ९१.९०. मी तो कोड ओळखते. ज्या फाईलमध्ये कोणी काहीच धड लिहिलेलं नसतं, तिथे नाइलाजाने आम्ही तो वापरतो. माझे दोन्ही कान त्या कोडात टाकले होते.

महेश शाळेत गणित शिकवतो. शांत माणूस आहे. त्याने तो कागद माझ्या हातातून घेतला, वाचला आणि मला दिसेल असं सावकाश म्हणाला, "फाईल मागव."

पेशंटला आपल्या फाईलची प्रत मागायचा हक्क आहे. वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आम्हाला आधी सांगितलं की साहेब रजेवर आहेत, मग झेरॉक्स मशीन बिघडलं. महेश रोज शाळा सुटल्यावर जाऊन तिथल्या बाकावर पेपर तपासत बसायचा. पाचव्या दिवशी फाईल मिळाली.

ती मी जेवणाच्या टेबलावर पसरली आणि कामाला बसते तशी बसले. माझ्यासमोर एक स्त्री पेशंट होती, वजन बावन्न किलो, किडनीला संसर्ग. मी ड्रग चार्ट उघडला. कोणतं औषध, किती, कधी दिलं आणि कोणी दिलं याचा तो तक्ता असतो.

दाखल झाल्या दिवशी तिथल्या ज्युनिअर डॉक्टरांनी लिहिलं होतं: अमिकासिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा. दुसऱ्या दिवशी फिजिशियनांनी त्यांच्या अक्षरात खाली लिहिलं: अमिकासिन ७५०, दिवसातून एकदा. दुसरी ऑर्डर योग्य होती. पण पहिली ऑर्डर त्यांनी खोडली नव्हती. त्यामुळे दोन्ही चालू राहिल्या. सकाळी आठ, सकाळी दहा, संध्याकाळी आठ. प्रत्येक चौकोनात सही. सात दिवस.

पहिला दिवस सोडला तर मला रोज दुपटीहून जास्त औषध जात होतं. त्यात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, चौथ्या दिवसापासून वाढत होता. म्हणजे औषध बाहेर पडत नव्हतं. ते रिपोर्ट फाईलला नीट लावलेले होते. त्यांवर बघितल्याची कोणाची सही नव्हती.

आणि नर्सिंग नोट्समध्ये पाचव्या दिवशी एक ओळ होती: पेशंट कानात आवाज येत असल्याचं सांगते, डॉक्टरांना कळवलं. सही, प्राची.

मी उठून पाणी प्यायले. आठ दिवस सलाइनच्या बाटल्या माझ्या डोळ्यांसमोर बदलल्या जात होत्या आणि मी एकदाही चार्ट मागितला नाही. तो राग मी आजही स्वतःवर काढते.

आता एक सहावा आकडा समजून घ्या. आमच्या कोडिंगमध्ये औषधाने इजा झाली की बहिरेपणाच्या कोडबरोबर त्या औषधाचा कोड लावतात. त्यात सहाव्या जागी एक आकडा असतो. औषध बरोबर दिलं, डोस बरोबर होता आणि तरीही इजा झाली, तर तिथे पाच. नशीब, दुसरं काय. पण चुकून जास्त दिलं गेलं, तर तिथे एक. एक म्हणजे विषबाधा, अपघाताने झालेली.

मला एक हवा होता. आणि तो मी स्वतः लावू शकत नव्हते. ज्याने केलं, त्याच माणसाने ते लिहायला हवं होतं.

डॉक्टरांचं लिखाण अपुरं असलं की आम्ही त्यांना क्वेरी पाठवतो. तिचे नियम कडक आहेत. आरोप करायचा नाही, उत्तर सुचवायचं नाही. फाईलमधल्या नोंदी तारखेसह मांडायच्या आणि खाली पर्याय द्यायचे. अकरा वर्षांत मी शेकडो क्वेरी लिहिल्या होत्या. ही लिहायला मला तीन दिवस लागले, कारण पहिल्या दोन मसुद्यांत शिव्या होत्या.

तिसऱ्यात एकही विशेषण नव्हतं. डावीकडे तारीख, उजवीकडे नोंद, पान क्रमांकासह. खाली विचारलं: या पेशंटच्या बहिरेपणाचं कारण आपल्या वैद्यकीय मतानुसार कृपया नोंदवावं. पर्याय: योग्य मात्रेतील औषधाचा दुष्परिणाम. चुकून दिलेल्या जादा मात्रेचा परिणाम. इतर कारण, असल्यास पुराव्यासह. सांगता येत नाही. पत्र फिजिशियनांच्या नावे, प्रत हॉस्पिटलच्या संचालकांना. आणि तळाला कोणकोणत्या सरकारी कार्यालयांत आणि परिषदांकडे तक्रार करता येते ती यादी, त्यापुढे एवढंच: अद्याप पाठवलेली नाही.

ते पत्र टपालात टाकून आले त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

आठवड्याने दुपारी दारात सिस्टर प्राची उभ्या. त्यांना आत घेताना माझ्या मनात काही चांगलं नव्हतं. त्या सात दिवसांच्या चौकोनांत त्यांच्याही सह्या होत्या. त्यांनी मोबाइलवर टाइप करून दाखवलं, "ताई, साहेब म्हणतात सिस्टर लोकांनी चार्ट न बघता इंजेक्शन दिलं असं लिहायचं. मला काढणार."

मी म्हटलं, "तुम्ही बघितलं नाहीतच ना?"

त्यांनी बराच वेळ टाइप केलं. "बघितलं. दोन ऑर्डर का आहेत म्हणून राउंडला डॉक्टरांना विचारलं. आपलं काम करा म्हणाले. मी परत विचारलं नाही. ती माझी चूक आहे."

त्या रडल्या नाहीत. मीही चहा विचारला नाही. पण जाताना मी म्हटलं, "तुम्ही कानांचं लिहून ठेवलंत. ते कोणीच लिहिलं नसतं तर माझ्याकडे काहीच नव्हतं." त्यांनी माझे हात धरले. मला ते आवडलं नाही आणि मी ते सोडवलेही नाहीत.

मग संचालकांनी बोलावलं. त्यांच्या केबिनमध्ये ते, फिजिशियन, महेश आणि मी. सगळं मोबाइलवर बोललेलं टाइप करून दाखवणाऱ्या ॲपवर चाललं होतं. संचालक म्हणाले, झालं ते वाईट झालं, नर्सिंगच्या पातळीवर गफलत झाली आहे, आम्ही कारवाई करतोय.

मी ड्रग चार्टची प्रत टेबलावर ठेवली आणि विचारलं, "जुनी ऑर्डर बंद करायचं काम कोणाचं असतं?"

ॲपच्या स्क्रीनवर काहीच उमटलं नाही. मी वाट बघितली. ऐकू न येणाऱ्या माणसाला शांततेची घाई नसते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी संचालकांनी फिजिशियनांकडे बघितलं आणि स्क्रीनवर दोन शब्द आले: "डॉक्टर, सांगा."

फिजिशियनांनी पेन काढलं. माझ्या क्वेरीच्या कागदावर दुसऱ्या पर्यायासमोर खूण केली. खाली दोन ओळी घाईने खरडल्या, सही केली आणि कागद माझ्याकडे ढकलला.

मी वाचला. मग परत त्यांच्यासमोर ठेवला. "अक्षर लागत नाही. पुन्हा लिहा."

महेश माझ्याकडे बघत राहिला. फिजिशियनांचा चेहरा लाल झाला. मला ते दिसलं आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. अकरा वर्षं जगभरच्या डॉक्टरांची अक्षरं लावली होती, त्यांचं अक्षर मला पहिल्या फटक्यात लागलं होतं.

त्यांनी पुन्हा लिहिलं. एकेक अक्षर सुटं, शाळेतल्यासारखं. अमिकासिनच्या जादा मात्रेमुळे दोन्ही कानांचा बहिरेपणा. जुनी ऑर्डर माझ्याकडून बंद करण्यात आली नाही, त्यामुळे सात दिवस दुहेरी मात्रा दिली गेली. हेडफोनची नोंद चुकीची असल्याने रद्द. सही, तारीख, नोंदणी क्रमांक.

त्यावरून मी घरी कोड लावला. पाच नाही, एक.

मग यादीतल्या सगळ्यांना प्रती पाठवल्या. फिजिशियनांचा महेशला फोन आला की आपलं ठरलं होतं ना. काहीही ठरलं नव्हतं. "अद्याप पाठवलेली नाही," एवढंच मी लिहिलं होतं आणि ते त्या दिवशी खरं होतं. चौकशी चालू आहे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते जिथे असायला हवं, त्या कागदावर आहे.

सिस्टर प्राचींची नोकरी टिकली. त्यांनी कळवलं की आता तिथे नवी ऑर्डर लिहिली की जुनीवर लाल रेघ मारल्याशिवाय औषध कपाटातून निघत नाही, आणि हे इंजेक्शन सुरू करण्याआधी कानाची तपासणी होते.

माझे कान आहेत तसेच आहेत. श्रवणयंत्राने थोडे आवाज येतात, शब्द लागत नाहीत. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत बसवायचं यंत्र, त्यासाठी तपासण्या सुरू आहेत. आईचं बोलणं मी आता तिच्या ओठांवरून ओळखते. ती अजून ओरडूनच बोलते, त्यामुळे वाचायला सोपं जातं.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना सांगते. इंजेक्शन देणाऱ्याला औषधाचं नाव विचारा, रोज. कानात आवाज आला तर नुसतं सांगू नका, फाईलमध्ये लिहायला लावा. कानाच्या बाईंचे, प्राचीताईंचे आणि बाकावर बसून पेपर तपासणाऱ्या माझ्या नवऱ्याचे उपकार माझ्यावर आहेत. राग गेला का, असं लोक महेशला विचारतात. गेला नाही. फक्त पूर्वी तो दिवसभर असायचा, आता त्याला मी वेळ ठरवून दिली आहे.

मागच्या रविवारी आम्ही बाजारात बांगडे घेत होतो. गर्दीतून ते फिजिशियन समोर आले. थांबले. हात जोडले आणि माझ्याकडे बघून चार-पाच वाक्यं बोलले. डोळे ओले वाटले. दाढीमुळे त्यांचे ओठ मला वाचता येत नाहीत. मी मासे निवडत राहिले. थोडा वेळ उभे राहून ते गेले.

महेशने माझ्या खांद्याला हात लावून मला आपल्याकडे वळवलं आणि सावकाश म्हणाला, "वैशाली, ते माफी मागत होते."

मी म्हटलं, "मला ऐकू आलं नाही."